बांधावरची शाळा



दर आठवड्याला आपण बी-बियाणे, खत, कीड आणि रोग यांविषयी बोलतो. आज पिकाविषयी बोलायचे नाही. पिकात राबणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे, आणि त्यातही ज्याला आपली बोली येत नाही अशा माणसाविषयी.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. औसा तालुक्यातल्या एका गावी तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आली म्हणून मी गेलो होतो. त्या शेतावर मध्य प्रदेशातून आलेले एक जोडपे सालाने राहिले होते. पदरी चार-पाच वर्षांची मुलगी. मी झाडाखाली बसून चांगला तासभर फवारणी समजावून सांगितली. हातात मोजे घाला, तोंडाला फडके बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका, रिकामी बाटली घरात नेऊ नका. शेवटी विचारले, "समजलं का?" सगळ्यांनी माना हलवल्या. त्या गड्यानेही हलवली. मीही समाधानाने गाडीला किक मारून परत आलो.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. "साहेब, गड्याचं लेकरू दवाखान्यात हाय."

झाले होते असे. पोरीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. फवारणी उरकल्यावर बाटलीच्या तळाशी थोडे औषध उरले होते. मालकांनी गड्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले होते, "ये कीडे मारने की दवा है." त्याने तेच बायकोला सांगितले. त्या माउलीने विचार केला, किडे मारते तर उवाही मारील. दवाच आहे, बरे झाले. तिने ते पाण्यात कालवून पोरीच्या डोक्याला चोळले. तासाभरात पोरीच्या तोंडाला लाळ सुटली, घामाने अंग भिजले, मान टाकली.

मालकांना एक सुबुद्धी झाली. त्यांनी पोरीबरोबर ती बाटलीही दवाखान्यात नेली. डॉक्टरांना कोणते विष ते ताबडतोब कळले आणि त्यांनी ॲट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली. पोर वाचली.

"मी तर सांगितलो होतो, साहेब," मालक म्हणाले. मीही सांगितले होते. दोघांनीही सांगितले होते. पण मी सांगितले ते मराठीत, आणि त्या आईला तर कुणीच काही सांगितले नव्हते. ती तेव्हा चुलीपाशी होती. तिला बोलवावे असे मला सुचलेच नाही. परभणीला शिकून, इतकी वर्षे गावोगाव हिंडून ही माझी गत! त्या रात्री मला जेवण गेले नाही.

औषध कशाला म्हणतो?

तेव्हापासून मी एका शब्दावर विचार करतो आहे. विषाला आपण औषध म्हणतो. "कपाशीवर औषध मारलं", "औषधाची बाटली आण". हिंदीवाला दवा म्हणतो. धर्माबाद-बिलोलीकडे तेलुगू बोलणारी माणसे 'मंदु' म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत मंदु म्हणजे दवाखान्यातले औषध, फवारणीचे औषध आणि दारूसुद्धा. पिकाला ते औषध असेल, पण माणसाला ते विषच. आपण जन्मापासून ऐकतो म्हणून आपल्याला फरक कळतो. नव्याने आलेल्या माणसाला तो कसा कळावा?

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले. ती माणसे तर बहुतेक तिथलीच, मराठी बोलणारी. मग ज्याला बाटलीवरचे अक्षर आणि मालकाचा शब्द दोन्ही कळत नाहीत, त्याचे काय?

हा अनुभव आपल्याला नवा नाही

'आमच्याकडे कामाला आला, त्याने शिकावे' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी मागची आठवण देतो. 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीचा कारभार उर्दूत. आपल्याच जमिनीचा कागद हातात घेऊन आपले आजे-पणजे वाचून दाखवणारा शोधत फिरत. वाचणारा सांगेल ते खरे! आजही कंधार-मुखेडच्या डोंगरपट्ट्यातली माणसे कोयता घेऊन उसाला जातात, पार कर्नाटकापर्यंत. तिथे कुणी मुकाट कागदावर अंगठा घेण्याऐवजी कागद समजावून सांगितला, तर आपल्या माणसाला किती धीर येतो! तोच धीर आपल्या शेतावर आलेल्याला आपण द्यायचा.

शिवाय यात आपलाही फायदा आहे. न समजलेले काम दोनदा करावे लागते, आणि चुकलेल्या फवारणीने पीकही जळते.

कामाच्या जागीच शिकवावे

नांदेडकरांना पंजाबी माणूस नवा नाही. हुजूर साहिबमुळे पंजाबी भाषा तिथल्या रस्त्यावर ऐकू येते. तशीच पंजाबी माणसे मोठ्या संख्येने इंग्लंडला गेली, लंडनच्या साऊथॉल भागात राहिली आणि कारखान्यांत कामाला लागली. इंग्रजी येत नव्हते. दिवसभर राबून रात्री शाळेत जायचे त्राण कुणाला? मग शाळाच कारखान्यात आणली. 1974 साली साऊथॉलमध्ये या कामासाठी एक राष्ट्रीय केंद्र निघाले. तिथले शिक्षक कारखान्यात जाऊन त्या कामाला लागणारे इंग्रजी शिकवीत. विशेष म्हणजे ते मुकादमांनाही शिकवीत, कारण बोलणे दोघांचे असते. एकट्याला शिकवून भागत नाही.

त्या काळातला एक किस्सा जॉन गंपर्झ या भाषाशास्त्रज्ञांनी लिहून ठेवला आहे. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका वाढण्याचे काम करीत. मटणावर रस्सा हवा का, हे विचारताना त्या नुसते "ग्रेव्ही" म्हणत, आवाज खाली आणून. इंग्रज बाई हाच शब्द आवाज वर चढवून म्हणते, "ग्रेव्ही?" शब्द एकच. पण जेवायला आलेल्या कामगारांना वाटे, या बायका तुसड्या आहेत. बायकांना वाटे, ही माणसे उगाच आपल्यावर डाफरतात. दोन्ही बाजूंना बसवून हा आवाजातला फरक दाखवला, तेव्हा कुठे गाठ सुटली.

आपल्या देशात केरळने 2017 साली परप्रांतीय कामगारांना मल्याळम शिकवण्याचे काम हाती घेतले. सुरुवात पेरुंबावूरला झाली. योजनेचे नाव 'चंगाती', म्हणजे मित्र. पुस्तकाचे नाव 'हमारी मलयालम'. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. आपल्याला तर पुस्तकाचीही गरज नाही. बांध आहे, आणि दहा मिनिटे आहेत.

फसवे शब्द

मराठी आणि हिंदी बहिणी-बहिणी, म्हणून आपण गाफील राहतो. पण काही शब्द फसवतात. मालक म्हणतो, "पंप खाली कर." त्याला म्हणायचे असते, पाठीवरून उतरव. हिंदीत खाली म्हणजे रिकामा. गडी भरलेला पंप ओतून देतो! हिंदीत 'कल' म्हणजे काल आणि उद्याही. "कल दवा मारी" आणि "कल दवा मारेंगे" यांत आपल्याला फक्त 'काल' ऐकू आला, तर त्याच रानात भाजी तोडायला बाया जातील. बिहारकडचा माणूस एकटा असला तरी "हम जाएंगे" म्हणतो. मालकाला वाटते, सगळी टोळीच निघाली. आपण प्रेमानेही "अरे, तू ये" म्हणतो. त्याला तो 'तू' अपमानाचा वाटू शकतो.

सर्वांत घातक फसवणूक मळणी यंत्रापाशी. आपण ओरडतो, "थांब!" गडबडीत हिंदी माणसाला ते 'थाम' असे ऐकू येऊ शकते, आणि थाम म्हणजे घट्ट धर. हात यंत्रात असताना असा घोटाळा झाला तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वी शब्द आणि हाताची खूण दोन्ही ठरवून घ्या. "बंद" हा शब्द दोघांनाही एकच आहे, तो वापरा.

मापाचेही तसेच. आपले अडीच म्हणजे त्यांचे ढाई, आपले दीड म्हणजे डेढ. तोंडी सांगण्यापेक्षा मापाच्या भांड्यावर रंगाने रेघ ओढून द्या.

शिकवायचे कसे?

एक. धडा कामाच्या वेळेतच घ्या, आणि त्या वेळेची मजुरी कापू नका. सकाळी काम सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे पुरेत. रोज चार-पाच शब्दच घ्या.

दोन. वस्तू हातात देऊन शिकवा. पंप, नळी, झाकण, मोजे, साबण. ज्या शब्दावर जीव अवलंबून आहे तो आधी शिकवा. बाकीचे आपोआप येतील.

तीन. बाटलीवरचा पतंगासारखा चौकोन दाखवा. खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. रंग लाल असेल तर वरच्या भागात कवटी आणि हाडांचे चित्र असते. वरच्या भागात इंग्रजी शब्द असतात: लाल आणि पिवळ्यावर 'पॉइझन' म्हणजे विष, निळ्यावर 'डेंजर' म्हणजे धोका, हिरव्यावर 'कॉशन' म्हणजे सावधान. एवढे तीन इंग्रजी शब्द आपल्या घरातल्या सर्वांनीही ओळखले पाहिजेत. आणि हिरवा म्हणजे निर्धोक असे मुळीच समजू नका.

चार. "समजलं का?" असे विचारू नका. माणूस भिडेपोटी मान हलवतोच. "करून दाखव" म्हणा. त्याने करून दाखवले तरच समजले.

पाच. बायकांना आणि जाणत्या पोरांना धड्याला बसवा. बाटली रानात असते तशी खोपीतही जाते. आमच्या मायबहिणींनी हे काम अंगावर घ्यावे. गड्याच्या बायकोशी त्या जितक्या मोकळेपणी बोलतील, तितके मालक बोलू शकणार नाहीत.

सहा. त्यांचेही चार शब्द शिका. "याला तुमच्याकडं काय म्हणतात?" असे विचारा. विचारले की माणूस खुलतो, आणि मग न समजलेलेही न लाजता सांगतो.

सात. विषबाधा झालीच तर अंगावरचे कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवा, 108 ला फोन करा, आणि बाटली बरोबर न्या. हे वाक्य गड्याला त्याच्या भाषेत पाठ झाले पाहिजे. बाटली घेऊन जायला मालक घरी असेलच असे नाही.

शेवटचे

मागच्या हंगामात मी त्या औशाच्या शेतावर पुन्हा गेलो. ते जोडपे अजून तिथेच आहे. पोर शाळेत जाते आणि मराठी आईपेक्षा चांगली बोलते. मालकांनी कोनाड्याला दार बसवून कुलूप लावले आहे, आणि त्यांची सून रोज संध्याकाळी त्या बाईशी बोलत बसते.

मी एक रिकामी बाटली उचलून बाईंपुढे धरली आणि विचारले, "हे काय आहे, ताई?" तिने पदर सावरला, पिवळ्या रंगावर बोट ठेवले आणि ठणकावून म्हणाली, "विष. औषध न्हाई."

मंडळी, या आठवड्यात एवढेच करा. आपल्या घरात औषध हा शब्द दवाखान्यासाठी राखून ठेवा, आणि फवारणीच्या बाटलीला विष म्हणा. आपल्या शेतावर दुसऱ्या भाषेचा माणूस असेल तर उद्या सकाळी त्याला हाच शब्द पहिला शिकवा.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या मर रोगाविषयी बोलू. तोवर रामराम!