अभेद्य कवचाचा खटला

जपानी ॲनिमे-मालिकांतील महाकाय यंत्रमानवांपैकी कोणाचे शस्त्र प्रखर आणि कोणाचे कवच अभेद्य, या वादात रसिक मोठ्या हिरिरीने आकडे पुढे करतात. ‘माझिंगर झेड’ (१९७२) व ‘गंडाम’ (१९७९) दोघेही १८ मीटर उंच. एकाचे कवच ‘चोगोकिन झेड’चे, दुसऱ्याचे ‘लूना टायटॅनियम’चे. मग श्रेष्ठ कोण?

आम्ही म्हणतो, हा दावा दाखलच होऊ शकत नाही. गो नागाई यांच्या सृष्टीत फुजी पर्वतातील खनिज चमत्कार घडविते. योशियुकी तोमिनो यांच्या सृष्टीत शस्त्रातील ऊर्जा ऐन युद्धात संपते. पक्षकार एका अधिकारक्षेत्रातच येत नाहीत, तेथे निवाडा कोण देणार?

शिवाय अभेद्यता हा पुरावा नव्हे, ती कथाकाराची सोय होय. माझिंगरचे तेच कवच १९७४ साली अखेरच्या भागात फुटले. कारण नवा यंत्रवीर पुढे आणावयाचा होता.

गंडामच्या कवचापुढे शत्रूच्या १२० मिलिमीटर गोळ्या निष्प्रभ ठरतात. परंतु आत बसलेला पंधरा वर्षांचा आमुरो भयाने खचतो, एकदा तर लढण्यासच नकार देतो. त्या मुलाला कोणते कवच होते? धातूची जाडी मोजणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.