आपल्या कॉलेजचा चमू हरला, तेव्हा तुम्ही कुठे होता?

मागच्या हिवाळ्यात अमरावतीत एका कॉलेजच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलची मॅच बघायला गेले होते. आवड म्हणून नाही, खोटं कशाला बोलू. पानासाठी दोनशे शब्दांची बातमी हवी होती. सिमेंटचं कोर्ट, एका रिंगची जाळी गायब, टेबलावर स्कोअर लिहायचं रजिस्टर. बसल्या बसल्या प्रेक्षक मोजले. चौदा भरले. त्यातले पाच राखीव खेळाडू, दोन क्रीडा शिक्षक, एक चहावाला पोरगा आणि पुढच्या मॅचची वाट बघणारे तिघे. उरलो तीन. एक मी, एक फोनमध्ये डोकं घातलेला मुलगा आणि एक साठीतले काका, मफलर गुंडाळून कुंपणाला टेकून उभे.

मला वाटलं, मुलगा किंवा नातू खेळत असेल. विचारलं तर म्हणाले, "नाई वं पोरी, माहं कोनी नाई तिथं. माहं कालेज खेडून रायलं."

काका स्वतः कधी खेळले नव्हते. होस्टेलवर असताना रूम पार्टनर चमूत होता, त्याने एकदा ओढत नेलं, एवढंच. मी विचारलं, तेव्हा तुमचं कॉलेज जिंकायचं का? काका हसले. "आमी त दरवर्सी हरोच बावा. पन जाऊ."

त्या दिवशीही त्यांचं कॉलेज हरलं. काका कोर्टवर गेले, पोरांना "बरं खेडले रे पोट्टेहो" म्हणाले आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. मॅचची बातमी मी लिहिली. पण हरणाऱ्या चमूसाठी हा माणूस इतकी वर्षं का येत असेल, हा प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

'आपण' जिंकलो, 'ते' हरले

या प्रश्नाच्या मागे शास्त्रज्ञही लागलेत, बरं का. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक गमतीदार अभ्यास प्रसिद्ध केला. सात विद्यापीठांत त्यांनी दर सोमवारी वर्गात कोण काय घालून आलंय ते मोजलं. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉलचा संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे जास्त दिसायचे. फोनवर मॅचबद्दल विचारलं, की जिंकल्यावर विद्यार्थी म्हणायचे 'आपण जिंकलो'; हरल्यावर बरेच जण म्हणायचे 'ते हरले'.

ओळखीचं वाटतंय ना? २७ मे २०२५ ला लखनौमध्ये आपल्या अमरावतीच्या जितेश शर्माने ३३ चेंडूंत नाबाद ८५ ठोकले आणि बेंगळुरूने २२८ धावांचं लक्ष्य गाठलं. त्या रात्री आपले सगळे ग्रुप एकदम बेंगळुरूचे झाले. विदर्भाने २०१७-१८ मध्ये पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, तेव्हाही आपण 'आपण' म्हणालो. पण त्याआधी कित्येक वर्षं विदर्भ रणजीत 'दुबळा संघ' म्हणूनच ओळखला जायचा. तेव्हा 'आपण' म्हणणारे किती होते?

याचा पुढचा धागा डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांनी १९९० मध्ये पकडला. चाहते दोन प्रकारचे असतात, असं त्यांनी दाखवलं. एक, हवा बघून येणारे. दुसरे, पक्के. पक्क्या चाहत्याला संघ स्वतःचाच भाग वाटतो, त्यामुळे हरल्यावर तो 'ते' म्हणून अंग काढून घेऊ शकत नाही. म्हणजे पक्का चाहता ओळखायचा तो हरल्याच्या दिवशी. माझे मफलरवाले काका या प्रकारातले.

आधी आवाज, मग चमू

कॉलेज बास्केटबॉलचं वेड बघायचं तर अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाकडे बघावं. ते आहे लॉरेन्स नावाच्या गावात. वस्ती लाखाच्या आत, म्हणजे आपल्या अकोल्यात अशी चार गावं बसतील. आणि तिथल्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये पंधरा हजारांवर लोक बसतात. आजोबा, मुलगी, नातू अशा तीन पिढ्या एकाच रांगेत.

हे वेड जिंकण्यातून आलं असं वाटतं. पण सुरुवात बघा. बास्केटबॉलचा जनक जेम्स नायस्मिथ. १८९१ मध्ये स्प्रिंगफिल्डच्या शाळेत पीचची टोपली टांगून त्याने हा खेळ शोधला आणि १८९८ मध्ये तो कॅन्ससला आला. विद्यापीठाचा पहिला प्रशिक्षक तोच. त्याच्या हाताखाली संघ ५५ मॅच जिंकला आणि ६० हरला! ज्याने खेळ शोधला, तोच त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला एकमेव प्रशिक्षक. पुढे त्याचाच विद्यार्थी फॉग ॲलन प्रशिक्षक झाला, दिवस पालटले आणि १९५५ मध्ये उभ्या राहिलेल्या हॉलला ॲलनचं नाव मिळालं.

त्याहून भारी गोष्ट तिथल्या घोषणेची. 'रॉक चॉक, जेहॉक' ही आरोळी तिथे आजही हजारो लोक संथ सुरात देतात. तिचं मूळ १८८६ मधलं, रसायनशास्त्राचे प्राध्यापक बेली यांच्या सायन्स क्लबमधलं. 'रॉक चॉक' हे शब्द आले कॉलेजच्या टेकडीवरच्या चुनखडीवरून. आपण 'काळी माती, काळी माती' असं ओरडावं, तसंच की! आणि साल नीट बघा. १८८६. तेव्हा बास्केटबॉल हा खेळ जन्मालाच यायचा होता. म्हणजे चमू मोठा झाला म्हणून लोक ओरडायला लागले असं नाही. लोकांना एकत्र ओरडायची सवय आधीच होती, चमू त्या आवाजात वाढला.

आता म्हणाल, अमेरिकेचं काय सांगता, आपलं सांगा. सांगते. बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून पहिल्यांदा आला १९३६ मध्ये, बर्लिनला. म्हाताऱ्या नायस्मिथला तो सोहळा बघता यावा म्हणून अमेरिकेतल्या बास्केटबॉलवाल्यांनी वर्गणी काढली होती. फायनल उघड्या मैदानावर, भर पावसात, चिखलात झाली. अमेरिकेने कॅनडाला १९-८ ने हरवलं. आणि त्याच ऑलिंपिकच्या निमित्ताने त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीचा एक चमू पोहोचला होता, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा. त्यांनी तिथे कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेली ही संस्था. आपल्यापैकी किती जण तिच्या समोरून रोज जातात आणि ही गोष्ट कितींना माहीत आहे? खेळाचा वारसा नाही, असं रडायला आपल्याला जागाच नाही.

आव्वाज कुणाचा?

कॉलेजच्या चमूवर जन्मभर जीव टाकणं हे मराठी माणसाला जमत नाही, असंही नाही. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालू आहे. भरत नाट्य मंदिरात प्रयोगाआधी 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी उठते आणि पाठोपाठ कॉलेजचं नाव घुमतं. त्यात फक्त आजचे विद्यार्थी नसतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तिथे पडद्यामागे खिळे ठोकलेले, तिकिटं फाडलेले लोक आज नोकरी, पोरंबाळं सांभाळून आपल्या कॉलेजसाठी ओरडायला येतात. आपलं कॉलेज पहिल्या फेरीत बाद झालं तरी पुढच्या वर्षी पुन्हा हजर.

नाटकात जमतं, मग मैदानावर का नाही? मला वाटतं, फरक एवढाच आहे. नाटकाच्या चमूत नट असतो, तसा प्रकाशवाला असतो, कपडे सांभाळणारा असतो आणि नुसता चहा आणणाराही असतो. प्रत्येकाला काहीतरी काम मिळतं. आपल्या खेळाच्या चमूत बारा खेळाडू आणि एक सर; बाकी कॉलेजशी त्यांचा संबंध नाही. सामने साधारणपणे एका यजमान कॉलेजकडे दोन-तीन दिवसांत उरकले जातात. कधी झाले, कुठे झाले, ते आपल्याला पेपरमधून कळतं: 'अमुक कॉलेजचा तमुक विद्यार्थी कलर होल्डर'. प्राचार्यांसोबत फोटो. संपलं.

कॉलेज फक्त मार्कशीटवर

पण सगळा दोष कॉलेजवर ढकलून मोकळं होता येणार नाही. आपलंही बघू. अकोल्यात पश्चिम विदर्भातून मुलं येतात ती ट्यूशनसाठी. अमरावतीत एकेका गल्लीत दोन-दोन अभ्यासिका आहेत. सकाळी सहाची बॅच, दुपारी टेस्ट सिरीज, रात्री अभ्यासिका. कॉलेज कुठलं, तर ज्याचं नाव मार्कशीटवर येतं ते. मी स्वतः तीन वर्षांच्या डिग्रीत कॉलेजच्या मैदानावर किती वेळा गेले, ते सांगायला लाज वाटते. प्रॅक्टिकलला उशीर झाला की मैदानातून शॉर्टकट मारायचा, एवढंच नातं.

स्पर्धा परीक्षेच्या काळात मॅच बघायला कुणाला वेळ आहे, हा प्रश्न खोटा नाही. शेतीच्या भरवशावर फी भरणाऱ्या घरातल्या मुलाला 'मजा कर' सांगणं सोपं असतं, ऐकणं अवघड. पण रोज रील्सवर जातो त्याच्या अर्ध्या वेळात मॅच बघून होते, हेही तितकंच खरं. आणि तीन वर्षांनी डिग्री हातात येईल तेव्हा कॉलेजबद्दल 'आपलं' म्हणावं असं काहीच नसेल, तर तो हिशोब कुणाकडे मागायचा?

मुलींची अडचण वेगळी आहे. सामना चार वाजता सुरू झाला, की गावाकडून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी निघायची वेळ होते. मुलींच्या चमूच्या मॅचला तर मुलीच नसतात. हे आळसाने नाही, वेळापत्रकाने होतं. ते बदलता येतं.

राहिली हुल्लडबाजीची भीती. दोन कॉलेजची पोरं समोरासमोर आली की भांडणं होणार, असं सर लोक म्हणतात. होऊ शकतात. पण प्रेक्षकच नको हे त्यावरचं उत्तर नाही. एनएसएसचे स्वयंसेवक गॅदरिंग सांभाळतात, तर मॅचही सांभाळतील.

एक बस तर काढा

म्हणून कॉलेजांकडे मोठं काही मागत नाही. स्टेडियम नको, स्पॉन्सर नको. सामन्यांचं वेळापत्रक आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर आणि वर्गाच्या ग्रुपवर टाका. वर्षातून निदान दोन सामने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, कॉलेज भरलेलं असताना, आपल्याच मैदानावर ठेवा. स्कोअर लिहायला, माईकवर बोलायला, फोटो काढायला खेळाडू नसलेली मुलं-मुली घ्या. जुन्या विद्यार्थ्यांना देणगीसाठी फोन करता तसा एक फोन मॅचसाठीही करा.

आणि अमरावती-अकोला असे मैत्रीपूर्ण सामने सुरू करा. एक मॅच तिकडे, एक इकडे. जून २०२२ मध्ये याच दोन शहरांदरम्यान ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. विक्रमी रस्ता झाला. आता त्यावरून प्रेक्षकांची एक बस जायला काय हरकत आहे? मूर्तिजापूरला चहा, येताना जिंकल्या-हरल्याची भांडणं. यातूनच चाहते तयार होतात. कुणी एकट्याने स्कोअर वाचून आयुष्यभराचा चाहता झाल्याचं मी तरी ऐकलं नाही. काकांना रूम पार्टनरने ओढत नेलं होतं, हे विसरू नका.

आपल्याकडून एवढंच. यंदा आंतरमहाविद्यालयीन सामने लागतील तेव्हा आपल्या कॉलेजची एक मॅच बघायला जा. खेळ कुठलाही असो. नियम कळले नाहीत तरी चालेल, शेजारच्याला विचारा. एकटे जाऊ नका, एखाद्या ज्युनियरला ओढत न्या. चमू जिंकला तर नाचाच. पण हरला तर लगेच पार्किंगकडे पळू नका. दोन मिनिटं थांबा, कोर्टवर जा आणि त्या पोरांना सांगा, बरं खेळलात.

बातमी लिहायला म्हणून गेलेली मी यंदा बिनकामाची जाणार आहे. काका भेटतीलच. त्यांना सांगायचंय, की या वेळी मीही आपल्या कॉलेजचीच मॅच बघायला आले आहे.