राक्षसाशी लढण्यापूर्वी वही उघडा

सुट्टीच्या दिवशी दुपारी पुण्यातील एखाद्या सोसायटीच्या जिन्यावरून जाताना "मेलो रे, पुन्हा मेलो!" अशी आरोळी कानी पडली, तर घाबरून जाऊ नका. आत एखादा आठवी-नववीतला मुलगा संगणकासमोर बसलेला असतो आणि पडद्यावरील राक्षसाने त्याला दहाव्यांदा लोळवलेले असते. आई म्हणते, "एवढा वेळ भूमितीला दिला असतास तर!" मुलगा म्हणतो, "हा राक्षस फसवतो. त्याला हरवताच येत नाही." माझ्या मते येथे दोघांचेही थोडे थोडे चुकते. राक्षस कोणालाही फसवीत नाही. तो आपल्या नियमांनी वागतो आणि मुलाने ते नियम अजून ओळखलेले नसतात. आणि ते नियम ओळखण्याची रीत भूमितीच्या किंवा पदार्थविज्ञानाच्या अभ्यासाहून फारशी निराळी नाही. हेच मत आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे. मात्र त्याला एक महत्त्वाची पुरवणी आहे. ती शेवटी सांगेन.

राक्षसांशी लढण्याचे खेळ म्हणजे परदेशातून आलेली वस्तू, असे पुष्कळांना वाटते. पण असा एक खेळ आपल्या पुण्यातच तयार झाला आहे. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातील मंडळींनी २०२० साली 'राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक' हा खेळ प्रसिद्ध केला. श्रुती घोष आणि अविचल सिंग हे त्यांतील प्रमुख. राजी नावाची एक मुलगी, असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघते. तिच्या हाती दुर्गेचा त्रिशूळ असतो. वाड्यांच्या भिंती, खांब, बुरूज यांचा आधार घेत ती असुरांशी लढते. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या मंडळींचा प्रयत्न फसला होता. तरीही त्यांनी काम सोडले नाही. पुढे 'द गेम अवॉर्ड्स' या जागतिक पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांमध्ये त्याला नामांकन मिळाले.

याच जातीचा, पण अधिक विस्तृत असा खेळ म्हणजे जपानच्या कॅपकॉम कंपनीचा 'मॉन्स्टर हंटर'. तो २००४ साली प्रथम निघाला आणि त्याच्या पुढील आवृत्त्या जगभर खेळल्या जातात. अवाढव्य प्राण्याचा माग काढणे, त्याच्याशी झुंजणे आणि त्याला मारणे किंवा सापळ्यात पकडणे, एवढेच त्याचे कथानक. नवख्या खेळाडूची या खेळात हमखास फजिती होते. तशी ती होऊ नये म्हणून मी त्याला चार गोष्टी सांगेन.

पहिली गोष्ट : पहिल्या भेटीत मारू नका, पाहा. नवखा खेळाडू राक्षस दिसताच कळा बडवू लागतो. त्याऐवजी पहिली दोन-तीन मिनिटे शस्त्र म्यानात ठेवून नुसते बाजूला सरकत राहावे. राक्षस शेपूट फिरवण्यापूर्वी काय करतो? झेप घेण्यापूर्वी मागे सरतो का? मान कोणत्या बाजूस वळवतो? प्रत्येक हल्ल्यापूर्वी काहीतरी तयारी दिसतेच, आणि खेळ रचणाऱ्यांनी ती मुद्दाम ठेवलेली असते. का, ते समजण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करा.

तीस सेंटिमीटरची पट्टी मित्राला वरच्या टोकाशी उभी धरावयास सांगा. तुम्ही खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, अंगठा व तर्जनी थोडी उघडी ठेवा. पट्टीला स्पर्श मात्र करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडावी व तुम्ही ती पकडावी. बोटे ज्या खुणेवर मिटली तेवढे अंतर पट्टी पडली. पडणाऱ्या वस्तूच्या नियमावरून लागलेला वेळ काढता येतो : अंतर १० सें.मी. असेल तर ०.१४ सेकंद, २० सें.मी. असेल तर ०.२० सेकंद आणि ३० सें.मी. असेल तर ०.२५ सेकंद. बहुतेकांचे उत्तर २० सें.मी.च्या आसपास येते. म्हणजे डोळ्यांनी पाहिले, मेंदूने ठरवले आणि स्नायू हलले, यात सेकंदाचा सुमारे पाचवा भाग गेला!

आता पडद्याकडे वळू. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर ०.२० सेकंदात १२ चित्रे निघून जातात. राक्षसाचा पंजा प्रत्यक्ष खाली येण्यास याहून कमी चित्रे लागत असतील, तर पंजा पाहून उडी मारणारा खेळाडू नेहमीच उशिरा उडी मारणार. तो कितीही चपळ असो. वाचतो तो पंजा उचलला जाताना पाहणारा. क्रिकेटमध्ये फलंदाज गोलंदाजाच्या हाताकडे पाहतो, याचेही एक कारण हेच आहे.

दुसरी गोष्ट : आपल्या शस्त्राचा वेळ ओळखा. 'मॉन्स्टर हंटर'मध्ये मोठी तलवार एकदा उगारली की घाव पूर्ण होईपर्यंत खेळाडू त्यात अडकलेला असतो. नवखा खेळाडू एक घाव बसला की हावरेपणाने दुसरा घालतो आणि नेमका त्याच वेळी मार खातो. म्हणून राक्षसाचा हल्ला संपल्यापासून त्याचा पुढचा हल्ला सुरू होईपर्यंत किती अवकाश मिळतो, ते तोंडाने 'एक, दोन, तीन' असे मोजावे. त्या अवकाशात बसेल तेवढेच घाव घालावे आणि बाजूला व्हावे. हे साधे अंकगणित आहे. पण रागाच्या भरात ते कोणी करीत नाही. शस्त्राची धार बोथट होते हेही नवख्यांच्या ध्यानात राहत नाही. निसणा जवळ असूनही ते बोथट पात्याने झुंजत राहतात.

तिसरी गोष्ट : खुणा वाचा. या खेळात राक्षसाच्या अंगी किती बळ उरले ते दाखवणारी पट्टी पडद्यावर नसते. ते लक्षणांवरून ताडावे लागते. तो दमला की त्याच्या तोंडातून लाळ गळते, चिडला की त्याच्या हालचाली वेगवान होतात, बराच घायाळ झाला की लंगडत आपल्या विश्रांतीच्या जागी जातो. २०१८ साली निघालेल्या 'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड' या आवृत्तीत तर पाऊलखुणा गोळा केल्या की त्या प्राण्याविषयीची माहिती वाढत जाते. वैद्य रोग्याची जीभ व नाडी पाहतो, रानात फिरणारा अभ्यासक विष्ठा व ठसे पाहतो. त्यातलाच हा प्रकार आहे.

चौथी गोष्ट : एका वेळी एकच बदल करा. या खेळात शस्त्रांचे १४ प्रकार आहेत, शिवाय चिलखते आणि औषधे निराळी. हरल्यावर नवखा खेळाडू शस्त्र बदलतो, चिलखत बदलतो आणि डावही बदलतो. मग जिंकला तरी कशामुळे जिंकला ते त्याला कळत नाही. प्रयोगशाळेत आपण तापमान बदलताना दाब तोच ठेवतो, तसे येथेही करावे. शस्त्र बदलले तर बाकी सर्व तसेच ठेवावे आणि निकाल वहीत लिहावा. वहीत तीन रकाने पुरेत : राक्षसाने काय केले, मी काय केले, परिणाम काय झाला. पाच लढतींनंतर ही वही वाचून पाहा. 'हा फसवतो' हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा निघणार नाही.

हे सर्व लागू पडते, कारण पडद्यावरील राक्षस हा मुळात नियमांचा संच आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्याला काही अवस्था दिलेल्या असतात : भटकणे, शत्रू दिसल्यास पाठलाग, जवळ आल्यास हल्ला, दमल्यास विसावा. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत केव्हा जायचे हेही ठरलेले असते. थोडा यदृच्छेचा अंश मिसळलेला असतो, इतकेच. निरीक्षण, अंदाज, पडताळा आणि चुकल्यास नवा अंदाज, या पायऱ्यांनी ते नियम सापडतात. खेळात हरणे फुकट असते, म्हणून हा सराव करावयास ती चांगली जागा आहे. यासाठीच पालकांनी खेळाला सरसकट नावे ठेवू नयेत, असे मला वाटते. मुलगा किती वेळ खेळला एवढेच न विचारता 'आज काय ओळखलेस?' असेही त्याला विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर संगणक खुशाल बंद करावा.

आता पुरवणी. मुले खोटे राक्षस मारतात याची मला फारशी चिंता नाही. प्रत्येक संकटाच्या मुळाशी एक राक्षस असतो आणि तो नाहीसा केला की संकट संपते, असे त्यांना वाटू लागेल, याची आहे. हा समज किती महागात पडतो याचे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे.

जुन्नर भागात उसाच्या शेतांत बिबटे राहतात. २००१ च्या सुमारास तेथे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम सुरू झाली. बिबट्या दिसला, पिंजरा लावला, बिबट्या नेला, प्रश्न मिटला, अगदी खेळातल्यासारखे. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा उलटेच चित्र दिसले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळात ते वर्षाला सरासरी १७ झाले. परक्या मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, आपल्या ठिकाणी परतू पाहतो आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात त्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावले आणि बिबट्यांची विष्ठा तपासली. तेथील बिबट्यांच्या आहाराचा मोठा भाग गावातील कुत्री व इतर पाळीव जनावरे हाच निघाला. २००९ साली गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटाजवळ सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला, आणि वाटेत त्याने कोणाही माणसावर हल्ला केला नाही.

याचा अर्थ बिबट्या निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात माणसे बळी पडली, त्यांत मुलेही होती. शेवटी तेथील नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली. ज्या घरातले मूल गेले त्या घराला आकडेवारी सांगून समाधान मिळत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण एक बिबट्या मारल्यावर ऊस तसाच राहतो, उकिरडे आणि त्यांवरील कुत्री तशीच राहतात, अंधारी वाट तशीच राहते. पडद्यावर राक्षस पडला की विजयाचे संगीत वाजते. शेतात ते वाजत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा पाणी द्यावयास जावेच लागते. तेथे शेळ्या-मेंढ्यांसाठी बंदिस्त गोठा, घराभोवती उजेड, कचऱ्याची विल्हेवाट, तिन्हीसांजेस मुलांना एकटे न सोडणे आणि बिबट्या दिसल्यास गर्दी न करता वनखात्याला कळवणे, हेच डाव चालतात.

तेव्हा खेळ खेळा, पण वही जवळ ठेवून खेळा. पाहणे, मोजणे, लिहिणे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पडताळणे, ही चार हत्यारे संगणक बंद झाल्यावरही तुमच्याबरोबर येतील. त्रिशूळ मात्र तेवढा पडद्याच्या आतच ठेवा.