वाकडं पाऊल आणि सरळ मराठी

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. नातू झाला म्हणाली, पण आवाजात आनंद नव्हता. "बाई, बाळाची दोन्ही पावलं आत वळलेली आहेत. डॉक्टर लगेच प्लॅस्टर घालायचं म्हणतात. सुनेने मोबाईलवर व्हिडिओ पाहिला, त्यात नुसत्या तेलमालिशने पाय सरळ झालेत. थोडे दिवस थांबू का?"

"अजिबात थांबू नकोस," मी म्हटलं. फोन ठेवल्यावर मीच ते व्हिडिओ बघत बसले आणि डोकंच फिरलं.

मी डॉक्टर नाही. पण भाच्याच्या मुलीला हाच दोष होता, तेव्हा मिळेल ते वाचून काढलं होतं, डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. म्हणून हे लिहिण्याचं धाडस करते.

ते व्हिडिओ खोटेच असतील असं नाही, हीच तर गोम आहे. काही बाळांची पावलं पोटात नुसती मुडपलेली असतात. हाताने हलकेच सरळ होतात. ती मालिश केली तरी सुटतात, नाही केली तरी बहुतेक सुटतातच. खरा क्लबफूट हजारात साधारण एका बाळाला असतो. तो ताठ असतो, तेलाने हलत नाही. तीच गत इतर तक्रारींची. दीड वर्षाच्या मुलाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात, तीन-चार वर्षांचं मूल गुडघ्याला गुडघा घासत चालतं, लहानग्यांचे तळवे सपाट असतात. हे बहुतेक वेळा वयानुसार आपोआप सुधारतं. (एकच पाय वाकडा असेल, दुखत असेल, वाकडेपणा वाढत असेल किंवा मुडदुसाची शंका असेल तर मात्र डॉक्टरच गाठावा.) पण तेवढ्या काळात कुणी महागडे बूट विकतो, कुणी तेल, आणि श्रेय घेऊन मोकळा होतो. कोंबडं म्हणतं, मी आरवलं म्हणून उजाडलं!

म्हणजे जे आपोआप बरं होतं त्यावर उपाय विकायचे, आणि ज्याला उपाय हवा त्याला घरी बसवून ठेवायचं.

आणि क्लबफूटवरचा उपाय काही गुपित नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या डॉ. पोन्सेटींनी तो १९६३ सालीच प्रसिद्ध केला होता. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं वळवून प्लॅस्टर, अशी साधारण पाच-सहा. मग बहुतेकांना टाचेच्या शिरेवर एक छोटासा छेद, आणि तीन आठवडे शेवटचं प्लॅस्टर. मोठमोठ्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी कित्येक वर्षं तिकडे लक्षच दिलं नाही. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आईबापांनीच इंटरनेटवरून ही गोष्ट एकमेकांना सांगितली, तेव्हा ती जगभर पसरली. ज्या साधनाने हे केलं, त्याच साधनावर आज तेल विकलं जातंय!

सगळ्यात घातक म्हणजे अर्धवट माहिती. प्लॅस्टर निघालं, पाय सरळ झाला, पेढे वाटा! पुढे दांडीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे तेवीस तास, आणि नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रोज झोपेत घालायचे असतात. ते सोडले की पाऊल पुन्हा वळू लागतं. बाळ रडतं म्हणून बूट माळ्यावर जातात, आणि सगळी मेहनत वाया.

मात्र माझा खरा राग तेल विकणाऱ्यांवर नाही, जाणत्यांवर आहे. त्यांनी सगळं चोख लिहून ठेवलंय, पण इंग्रजीत. मराठीतलं मैदान मोकळं सोडलं, मग तिथे कोण येणार? शब्द नाहीत म्हणतात. टाच, घोटा, शीर, छेद, मुडदूस हे शब्द नाहीत तर काय आहेत? आणि प्लॅस्टरला प्लॅस्टरच म्हणा, कोण अडवतंय? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून क्लबफूटचा समावेश आहे, सरकारी उपचार मोफत आहेत. हेसुद्धा माझ्या विद्यार्थिनीला कुणी सांगितलेलं नव्हतं.

असो. परवा बाळाला पहिलं प्लॅस्टर लागलं. बुटांबद्दल मी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात दहा ओळी लिहून दिल्यात. "तुझ्या डॉक्टरांना दाखव, चुकलं असेल ते खोडायला सांग आणि मग फ्रिजवर चिकटव," असं बजावलंय. दहाच ओळी आहेत. डॉक्टरांनीच लिहिल्या असत्या तर किती बरं झालं असतं!