जगबुडीनंतर नळाला पाणी कोण सोडणार?

पोरं मोबाईल-कॉम्प्युटरवर काय खेळतात याची चौकशी आपल्या घरात वर्षातून दोनदाच होते. एकदा निकाल लागल्यावर आणि एकदा चष्म्याचा नंबर वाढल्यावर. दोन्ही वेळा निर्णय एकच: "सगळं बंद कर!" आत गोष्ट काय चाललीय, हे कोणी विचारत नाही. म्हणून आज त्या गोष्टींवर लिहितो, त्यातही एका खास प्रकारावर. जगबुडीनंतरच्या गोष्टी. अणुयुद्ध झालं, साथ आली, मुडदे उठून चालायला लागले. आता उरलेल्या माणसांनी जगायचं कसं? कॉमिक्स आणि व्हिडिओ गेममध्ये या प्रकाराचं पीक जोरात आहे.

आधीच सांगतो, यातला बराच माल सुमार आहे. एक दाढीवाला, एक बंदूक आणि समोर येईल त्याला गोळी. पण चांगल्या गोष्टी वेगळ्याच प्रश्नावर उभ्या असतात, आणि ते प्रश्न नगरपालिकेच्या सभेत येतात तेच आहेत. पाणी कुठून आणायचं, धान्य कसं वाटायचं, दिवे कोण चालू ठेवणार, आणि हे सगळं ठरवायचा अधिकार कोणाला?

१९९७ चा 'फॉलआउट' घ्या. अणुयुद्धानंतर जमिनीखाली बांधलेल्या तळघरात माणसं पिढ्यान्पिढ्या राहतायत. एक दिवस पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची चिप बिघडते. दुसरी शिल्लक नाही. तुम्हाला बाहेर पाठवलं जातं: १५० दिवसांत चिप आणा, नाहीतर सगळं गाव तहानेनं मरेल. एवढा मोठा गेम एका बिघडलेल्या पार्टवरून सुरू होतो! बाहेर 'हब' नावाची बाजारपेठ आहे, तिथे पाण्याचे व्यापारी बसलेत. पैसे मोजले की ते तळघराला पाणी पोचवतात आणि तुमची मुदत १०० दिवसांनी वाढते. म्हणजे टँकरच. दुरुस्ती होत नाही, फक्त वेळ मिळतो. आणि पाण्याचे तांडे ये-जा करू लागले की लपून राहिलेल्या गावाचा पत्ता फुटायचा धोकाही वाढतो.

शेवट सांगतोय, ज्यांना खेळायचंय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

पाणी आणणारा, गाव वाचवणारा माणूस परत येतो तेव्हा तळघराचा प्रमुख त्याला दारातूनच हाकलून देतो. कारण काय? तुझं बघून बाकीचेही बाहेर जायचं म्हणतील, मग माझं तळघर रिकामं होईल. गेम संपतो. सत्ता कशी विचार करते हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी दाखवलं असेल.

याच मालिकेतला 'फॉलआउट ३' २००८ साली जगभर आला, पण भारतात आला नाही. मायक्रोसॉफ्टनं इथल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो न आणण्याचा निर्णय जाहीर केला. नेमकं काय खटकेल ते सांगितलं नाही. गेममधल्या दोन डोक्यांच्या गायींना 'ब्राह्मिन' म्हणतात, त्यामुळे असेल असा अंदाज लोकांनी लावला. गंमत अशी की त्या गेमचं मुख्य कथानक वॉशिंग्टनच्या दूषित पाण्याला पिण्यालायक करण्याच्या प्रकल्पाभोवती फिरतं. पिण्याच्या पाण्याची गोष्ट, आणि आपल्याकडे चर्चा झाली ती गायीच्या नावाची.

आता कॉमिक्सकडे येऊ. रॉबर्ट कर्कमनचं 'द वॉकिंग डेड' ऑक्टोबर २००३ ते जुलै २०१९ असं १९३ अंक चाललं. टीव्ही मालिका पाहून "झोंबीवालं ना ते?" म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की यात मुडदे काही अंकांनंतर पावसाळ्यातल्या चिखलासारखे होतात. त्रास आहे, सवयही आहे. खरी भानगड जिवंत माणसांची. नेगन नावाचा गुंड आजूबाजूच्या वस्त्यांना सांगतो, मुड्द्यांपासून तुमचं रक्षण आम्ही करू, त्या बदल्यात निम्मा माल आमचा. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात, समजावून सांगायची गरज नाही. आणि शेवटचा अंक? तिथे बंदुकीचा निकाल नाही, कोर्टात खटला उभा राहतो. कोणाच्या तरी मालकीचे मुडदे मारले म्हणून नायकाच्या मुलावर! साक्ष, युक्तिवाद, न्यायाधीश. १६ वर्षं रक्त सांडून लेखक पोचला कुठे, तर न्यायालयात. मला तो शेवट फार आवडतो.

पण या प्रकारच्या गोष्टींवर माझा एक मोठा आक्षेप आहे. यातल्या बहुतेकांचं गृहीतक एकच: पोलीस गेले, वीज गेली की शेजारी चोर होतो. गेममध्ये तर हे सोयीचंच असतं, कारण हातात बंदूक दिली की गोळी घालायला कोणीतरी लागतं. खऱ्या संकटात मात्र हेच गृहीतक माणसं मारू शकतं. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं. स्टेडियममध्ये आसरा घेतलेल्या लोकांत खून-बलात्कार चालल्याच्या बातम्या पसरल्या, त्यातल्या बहुतेक पुढे खोट्या किंवा फुगवलेल्या निघाल्या. पण तोवर महापौरांनी सुमारे १५०० पोलिसांना बचावकार्य सोडून लूटमार रोखायला जा म्हणून सांगितलं होतं. माणसं अजून पाण्यात अडकलेली होती! पत्रकार म्हणून हे मला जास्त टोचतं, कारण त्या अफवा छापणारे आमचेच भाऊबंद होते.

ज्यानं जगबुडी खरोखर पाहिली, तो काय लिहितो? केजी नाकाझावा सहा वर्षांचे होते तेव्हा हिरोशिमावर बाँब पडला. त्यांनी १९७३ पासून 'बेअरफूट गेन' हे कॉमिक काढलं. त्यात माणसं वाईट वागतात, नाही असं नाही. युद्धाला विरोध करणाऱ्या गेनच्या वडिलांना शेजारी देशद्रोही ठरवतात. पण बाँब पडल्यावर मदतीला धावतो तो शेजारचाच एक कोरियन माणूस, ज्याला गल्ली हिणवत आलेली असते. गोष्टभर शोध असतो तांदळाचा, कामाचा, डोक्यावरच्या छपराचा. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळानं हे कॉमिक शाळांच्या शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून काढून टाकलं. उलट पोलंडनं २०२० मध्ये वेढा पडलेल्या शहरातल्या सामान्य माणसांवरचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम शाळांच्या वाचनयादीत घेतला. एक देश गोष्ट दूर सारतो, एक वर्गात आणतो.

आपल्याकडे जगबुडी झाली नाही, पण तिची रंगीत तालीम झालीय. २०१६ चं लातूर आठवा. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली: आधी १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणी, एका खेपेला २५ लाख लिटर. टीव्हीवर नेते हार घालताना दिसले. पण शहर टिकलं ते मिरजेत वाघिणी भरणाऱ्यांमुळे, लातुरात त्या रिकाम्या करणाऱ्यांमुळे, गल्लीपर्यंत टँकर नेणाऱ्यांमुळे आणि रात्री-बेरात्री घागरी घेऊन रांगेत थांबलेल्या बायकांमुळे. या गोष्टीवर कोणी गेम काढला तर नायक कोण असेल? माझं मत व्हॉल्व्हमनला.

'द लास्ट ऑफ अस' या २०१३ च्या गेममध्ये असं एक दृश्य आहे. अर्धं जग बुरशीच्या साथीनं संपलंय, आणि काही माणसं धरणावरचं बंद पडलेलं वीजकेंद्र पुन्हा सुरू करायला धडपडतायत. पूर्ण गेममध्ये आशा वाटावी अशा मोजक्या जागांपैकी ती एक. दिवा लागतो तेव्हा जे वाटतं, ते गोळी लागल्यावर वाटत नाही.

म्हणून आईबापांना विनंती. रक्तपात जास्त असलेले हे गेम मोठ्यांसाठीच आहेत, वयाचं लेबल बघा, लहानांना देऊ नका. पण घरात कॉलेजला जाणारं कोणी असेल तर "बंद कर" म्हणायच्या आधी शेजारी बसून एकदा विचारा: या गोष्टीतल्या गावाला पाणी कुठून येतं, आणि ते बंद पडलं तर कोण दुरुस्त करतं?

तो उत्तर देईल, बहुतेक अगदी बारकाव्यांसकट. मग दुसरा प्रश्न विचारा: आणि आपल्या गावाला?

इथे तो गप्प बसला तर हसू नका. आधी स्वतः उत्तर देऊन बघा. आपली टाकी कोणती, पंप बंद पडला तर दुसरा तयार आहे का, व्हॉल्व्हमनचं नाव काय, त्याचा पगार वेळेवर होतो का. ज्यांना माहीत असेल त्यांनी खाली कॉमेंटमध्ये लिहा. मलाही बघायचंय किती उत्तरं येतात ते.