मर्गाच्या कागदात काय असतं, काय नसतं
संपादकीय, जून १९८६

जंगलात, नाल्याकाठी, तेंदूच्या फळीवर नाहीतर चौकीत माणूस मेला की पोलीस येतात. प्रेत पाहतात, पंच बोलावतात, अंगठे घेतात. आपण त्याला पंचनामा म्हणतो, ठाण्यात मर्ग म्हणतात. गावाला वाटतं, चला, चौकशी सुरू झाली. ही समजूत आम्हाला बैठकांत पुन्हा पुन्हा भेटते आणि दरवेळी ती महागात पडते.

मर्गाची चौकशी म्हणजे गुन्ह्याची चौकशी नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये पोलिसाला एवढंच काम दिलं होतं: प्रेत जिथं आहे तिथं जायचं, अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडं, वळ लिहायचे, ते कोणत्या हत्याराने झालेले दिसतात ते लिहायचं आणि मरणाचं दिसतं ते कारण सांगायचं. कोणी मारलं, का मारलं, हे त्यात येत नाही. मेलेला माणूस जबरानजोतीवर नांगर धरून उभा होता की नाही, हेही येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७५ साली, आंध्रातल्या पोद्दा नारायण खटल्यात हेच सांगितलं.

मुंबईत या कामाला कॉरोनर म्हणून वेगळा अधिकारी होता, १८७१ च्या कायद्याने बसवलेला. आपल्याकडे जमादारच कॉरोनर! पण कॉरोनर असूनही हद्द तीच राहते. विलायतेत साउथॉल भागात, जिथं आपले पंजाबी लोक राहतात, १९७९ च्या निदर्शनात ब्लेअर पीच नावाचा शिक्षक डोक्यावर मार बसून मेला. पोलिसांनीच मारलं असं पाहणारे सांगत होते. पुढच्या वर्षी कॉरोनरच्या ज्युरीने ‘अपघाती मृत्यू’ म्हटलं. तिथल्या नियमानेही अशा चौकशीत कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

मग हा कागद बिनकामाचा का? नाही, बावा. त्या १९७५ च्या निकालाची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. पंचनाम्यात मारणाऱ्याचं नाव नाही, एवढ्यावरून आपला साक्षीदार खोटा ठरत नाही. नाव पंचनाम्यात शोधू नका. नाव सांगायची जागा फिर्याद. ती लिहून घेतली की वाचून दाखवावी लागते आणि तिची नक्कल फुकट द्यावी लागते. ठाण्यात घेतली नाही तर लिहून टपालाने एस. पी. साहेबांकडे पाठवा. मर्ग झाला म्हणून फिर्याद झाली असं समजून जी गावं घरी बसली, त्यांच्या हाती पुढे काहीच लागलं नाही.

आणि पंचांनो, तुमच्यासाठी. कायद्यात लिहिलंय की अहवालावर सही पोलिसाची आणि पंचांपैकी जे सहमत असतील त्यांची. जे सहमत असतील त्यांची! पाठीवर वळ दिसत असताना कागदात ‘झाडावरून पडून’ लिहिलं असेल तर अंगठा देऊ नका. कागद मराठीत, आपण बोलतो माडिया, गोंडी. म्हणून आधी वाचून घ्या, आपल्या बोलीत समजून घ्या. एका गावात दोन पंचांनी अंगठा दिला तेव्हा कागद कोराच होता. पुढे त्यावर काय लिहिलं गेलं ते त्यांना कोर्टात कळलं. मान खाली घालून उभे होते बिचारे. त्यांना आम्ही दोष देत नाही, रात्रीची वेळ होती आणि बंदुका होत्या.

पावसाळ्याचंही ध्यानात ठेवा. मरणाच्या कारणाची शंका असेल तर प्रेत सिव्हिल सर्जनकडे तपासायला पाठवायचं, पण वाटेत सडून तपासणी निरुपयोगी होईल इतकं अंतर असेल तर नाही, अशी सवलत कायद्यात आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडकडच्या गावांना ही सवलत फार स्वस्तात लावता येते. तेव्हा जखमा पंचनाम्यात नीट मोजून लिहून घेणं एवढंच हाती उरतं. घाईने दहन करू नका. पुरलेलं प्रेत मॅजिस्ट्रेट उकरून तपासू शकतो, राख तपासता येत नाही.

पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला तर गोष्ट वेगळी. तिथं मॅजिस्ट्रेटने चौकशी केलीच पाहिजे, मर्जीचा प्रश्न नाही. आईबाप, मुलं, भाऊबहीण, नवराबायको यांना शक्य तिथं कळवून हजर राहू द्यायचं, असंही कायद्यात आहे. नोटीस येईल म्हणून थांबू नका. नातेवाइकांची नावं-पत्ते लिहून अर्ज आजच द्या, पोच घ्या. तीही चौकशी मरणाच्या कारणापुरतीच असते. पट्ट्याचा दावा वेगळा, तो तहसीलला वेगळा टाकावा लागतो. दोन्ही कागदांच्या नकला गावात एकाच पेटीत ठेवा.