कापिशायन, शांपेन आणि नारायणगांव

मद्याचा विषय या पानांत कशास, असें कित्येक वाचक विचारतील. सुरापानाचा निषेध स्मृतिकारांनीं केला आहे, तो आम्हांसही मान्य आहे. आमच्या फडताळांत बाटली आहे ती द्राक्षासवाची. परंतु तिच्यावरील बारीक अक्षरें चष्मा लावून वाचलीं, तर आंत किण्वनानें उत्पन्न झालेला मद्यार्क असल्याचें तेथेंच छापलेलें आढळतें. द्राक्षांचा काढा व गूळ यांत धायटीचीं फुलें टाकून भांड्याचें तोंड महिनाभर बंद ठेवतात. किण्वाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन तिचा मद्यार्क व कर्बाम्ल वायु करतात. फ्रान्समधील तळघरांत घडतें तें तत्त्वतः हेंच.

शांपेन हें मुळांत पॅरिसच्या पूर्वेकडील एका प्रांताचें नांव. तेथील रँस शहरांत बार्ब-निकोल क्लिको या बाईंस १८०५ सालीं, वयाच्या २७ व्या वर्षीं, वैधव्य आलें. त्या काळीं आमच्याकडे अशा बाईच्या वांट्यास काय येत असे, तें सांगावयास नको. या बाईंनीं मद्याची पेढीच हातीं घेतली. तयार मद्य बाटलींत भरतांना थोडी साखर व किण्व घालून बूच मारतात. आंत तें पुन्हां आंबतें आणि कोंडलेल्या वायूचा दाब हवेच्या पांचसहापट होतो. मृत किण्वाचा गाळ मात्र आंतच राहून मद्य गढूळ दिसे. बाईंच्या तळघरांत १८१६ च्या सुमारास युक्ति निघाली ती अशी: भोकें पाडलेल्या फळीवर बाटल्या तोंड खालीं करून खोंवावयाच्या व रोज किंचित् फिरवावयाच्या. गाळ हळूहळू बुचापाशीं उतरतो, आणि बूच काढतांच वायूच्या जोरानें उडून जातो. आजच्या नियमानें शांपेन निदान १५ महिने बाटलींत राहिल्यावांचून विकतां येत नाहीं. एकाच सालच्या पिकाची असेल तर ३ वर्षें.

हीच रीत १९८० नंतरच्या दशकांत आमच्या पुणें जिल्ह्यांत आली. श्यामराव चौगुले यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें नारायणगांवास 'शातो इंडाज' उभारलें. तेथील फेसाळ मद्य 'ओमर खय्याम' या नांवानें विलायतेस गेलें. गोष्ट सोपी नव्हती. फ्रान्समध्यें द्राक्षवेल हिवाळाभर निजते. आमच्या उन्हांत तिला निजच नाहीं, म्हणून एप्रिलांत खरड छाटणी व पावसाळ्यानंतर गोडी छाटणी अशी वर्षांतून दोनदां कात्री चालवावी लागते. शिवाय फेसाळ मद्यास आंबटपणा हवा, म्हणून गोडी पुरी भरण्यापूर्वींच घड उतरावे लागतात. हडपसरास लागून असलेल्या मांजरीस राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निघालें तें १९९७ सालीं, म्हणजे बरेंच मागाहून.

एवढें साधून उद्योग बुडाला, तो चवीमुळें नव्हे. बाटलीस १५ महिने वाट पाहण्याचें शिक्षण असतें, भांडवलास नसतें. कर्जें काढून विस्तार झाला, परदेशांतही धंदे विकत घेतले गेले. २००८ च्या मंदीनंतर तें ओझें पेलेना, आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या आज्ञेनें कंपनी अवसायनांत निघाली. त्याच सुमारास महाराष्ट्रांत मद्याच्या द्राक्षांस गिऱ्हाईक मिळेना. तीं बारीक, बियांचीं, जाड सालीचीं. बाजारांत खाण्यास कोण घेणार? कित्येक शेतकऱ्यांनीं पोटच्या पोरांसारख्या वाढविलेल्या वेली उपटून टाकल्या.

आम्हांस दुसरेंही एक खटकतें. कौटिल्यानें द्राक्षरसाच्या मद्यास 'मधु' म्हणून जन्मभूमीवरून कापिशायन व हारहूरक अशीं त्याचीं नांवें सांगितलीं. कापिशी नगरी काबूलच्या उत्तरेस होती, आणि 'कापिशायन' हा शब्द साधण्यास पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें. तेव्हां पेयास भूमीचें नांव देण्याची चाल फ्रेंचांनीं काढलेली नव्हे; त्यांनीं ती जपली इतकेंच, आणि युरोपांत त्या प्रांताबाहेरच्या मद्यास शांपेन म्हणण्याची कायद्यानें बंदी करविली. आमच्या मातींतल्या मद्यास मात्र इराणी कवीचें नांव! नाशिककरांनीं हें ओळखलें; 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास भौगोलिक निर्देशन मिळालें आहे. नारायणगांवचें नांव चौफेर ऐकूं येतें, पण तें टोमॅटोच्या बाजारामुळें.